मदत हवी : जिनिंगचं पावती सॉफ्टवेअर नुसतं पांढरं पान दाखवते

काटापावती (दारव्हा): होस्टिंगवाल्यानं सर्व्हर बदलवला तवापासून लॉगिन केलं की पांढरं पान. कोड पीएचपीत (वेबसाइट बनवायची भाषा) हातानं लिहिलेला हाये, लिहिणारा फोन उचलत नाही. कापसाच्या गाड्या उभ्या आहेत. लारावेलमध्ये (पीएचपीचा तयार ढाचा) नवीन करू का? लवकर सांगा जी.

अर्धविराम: पीएचपी आधी कोणतं, आता कोणतं? एरर लॉगची शेवटची ओळ टाका.

नवंपान: लारावेलच. हातच्या कोडात एसक्यूएल इंजेक्शनला (फॉर्ममधून डेटाबेसला घातक आज्ञा घुसवणं) दारं सताड उघडी असतात.

काटापावती: ५.६ होतं, आता ८.२. 'अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट' येते.

अर्धविराम: डेटाबेसशी बोलणारी ती जुनी मायएसक्यूएल फंक्शनं पीएचपी ७.० मध्येच (२०१५) काढली. होस्टिंगच्या पॅनेलात ५.६ निवडता येतं का पाहा, आजच्या गाड्या निघतील. तिथं मुक्काम नको, त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या २०१८ अखेर थांबल्या.

काटापावती: ७.४ च्या खाली काहीच नाही.

अर्धविराम: मग एका फाइलीत जुन्या नावांचीच फंक्शनं लिहा, आतून मायएसक्यूएलआय (त्यांच्या जागी आलेली नवी फंक्शनं) बोलवा आणि ती सगळ्यात आधी इन्क्लूड करा. नुसतं शोधा-बदला करू नका : जुन्यात क्वेरी आधी नि जोडणी नंतर, नव्यात उलटं. मायएसक्यूएलआय_रिपोर्ट (चुका कळवायची सेटिंग) बंद ठेवा, ८.१ पासून चुकीच्या क्वेरीवर एक्सेप्शन फेकते, जुना 'ऑर डाय' (चुकलं तर निरोप देऊन थांब) चालतच नाही.

नवंपान: ही मलमपट्टी झाली. इंजेक्शनचं काय?

अर्धविराम: ते भोक तसंच राहते, मान्य. हंगाम उतरला की एकेक क्वेरी प्रिपेअर्ड (आज्ञा नि माहिती वेगवेगळी पाठवणारी) करा. लारावेलची आवृत्ती दरवर्षी येते, एकीला सुरक्षा दुरुस्त्या २ वर्षंच. ते अपग्रेड दारव्ह्यात कोण करणार?

वजनकाटा: वजन हातानं टाकता का? काट्याच्या इंडिकेटरची आरएस-२३२ वायर कॉम्प्युटरला लावा, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) दोन्हीकडं सारखा ठेवा.

काटापावती: भाऊ, काटा बराबर हाये! लॉगिन झालं. पण शेतकऱ्यांची नावं चिनीवानी दिसून रायली.

अर्धविराम: जोडणीत यूटीएफ-८ एमबी४ (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरपद्धत) लावलं? अन् टेबल लॅटिन१ (पश्चिम युरोपी अक्षरांची पद्धत)?

काटापावती: हो, दोन्ही. काहून?

अर्धविराम: मराठीचे बाइट लॅटिन१ समजून साठवले गेलेत. तूर्त सेट_चारसेटमध्ये (जोडणीची अक्षरपद्धत ठरवणारं फंक्शन) लॅटिन१ द्या. नंतर बॅकअप घेऊन कॉलम आधी व्हारबायनरी (नुसते बाइट) करा, मग यूटीएफ-८ एमबी४ व्हारकॅर (मजकूर). थेट कन्व्हर्ट केलं तर डबल एन्कोडिंग होते, म्हणजे बिघडलेली अक्षरंच पक्की होतात.

नवंपान: लारावेलमध्ये हे झालंच नसतं.

अर्धविराम: याच टेबलाला यूटीएफ-८ एमबी४ नं जोडलं असतं तर तिथंही हेच दिसलं असतं.

काटापावती: नावं आली! पावती मात्र अर्धीच छापते.

अर्धविराम: प्रिंटर कोणता?