दुकान माझं, जीएसटी नंबर माझा, आणि काउंटरवर मी नुसता 'युजर'?

चादरवाला: काल इथे एका साहेबांनी लिहिलं की बिलिंगला बसणाऱ्याला सेटिंग दिसताच कामा नये, काम करणाऱ्याचा स्क्रीन वेगळा, अ‍ॅडमिनचा वेगळा, नाहीतर लोक घाण करून ठेवतात. लोक म्हणजे आम्हीच ना? मग ऐका की ओ.

22 सप्टेंबर 2025. घटस्थापना. तुळजापूरला जाणारी-येणारी गर्दी दुकानात. त्याच दिवसापासून हजाराच्या वरच्या चादरीचा 12 टक्के जीएसटी अडीच हजारापर्यंत 5 वर आला. चौदाशेची डबल चादर काढली, कॉम्प्युटर 12च लावतोय. दर बदलायचा कुठे? अ‍ॅडमिनमध्ये. अ‍ॅडमिन कोण? भाचा. भाचा कुठे? हिंजवडीत, मीटिंगमध्ये. दुपारी दोनपर्यंत हातानं बिलं फाडली.

धोटा: दर 3 तारखेलाच जाहीर झाले होते. एकोणीस दिवस काय केलंत? भाच्याला फोन करायला मुहूर्त लागतो का?
आमचा सुताचा धंदा. नव्या पोरानं प्रिंटच्या शेजारचं 'बिल क्रमांक पुन्हा लावा' दाबलं. अख्ख्या मार्चची बिलं सरकली. सीएनं जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. ते बटण त्याला दिसलंच नसतं तर?

चादरवाला: प्रिंटला खेटून ते बटण ठेवणाऱ्याला शिव्या घाला, पोराला कशाला?

सात_रस्ता: दोघंही माणसं वेगळी करत बसलाय. कामं वेगळी करा. लिनक्सवर मी एकटाच, तरी रोजचं काम साध्या खात्यातून. काही इन्स्टॉल करायचं तर तेवढ्यापुरतं सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, पासवर्ड टाका, काम संपलं. अँड्रॉइडनं 4.2 पासून डेव्हलपरचे पर्याय लपवले, पण बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की ज्याला हवेत त्याला मिळतात. कुणाला हिंजवडीला फोन लावावा लागत नाही.

धोटा: विंडोज व्हिस्टा विसरलात वाटतं. 2007 ला तेच केलं होतं, जरा हात लावला की 'परवानगी देता का?' महिनाभरात आमचा हिशेबनीस न वाचता 'हो' दाबायला लागला. विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टलाच ते कमीजास्त करायची सोय द्यावी लागली.

कडकभाकरी: मला आधी ते मराठी मेनूतलं अ‍ॅडमिनचं 'प्रशासक' डोक्यात जातं. वाचलं की वाटतं दुकान बरखास्त करून सरकारनं माणूस बसवलाय. सरळ 'मालक' लिहा.

धोटा: आमच्या मालकांना माऊस धरता येत नाही. 'मालक' लिहिलं तर ते खरंच दाबतील.

टॉवेल_एमआयडीसी: मराठी मेनू आम्ही लावून पाहिला. हिशेबाच्या बाई घरी तेलुगू बोलतात, मालक कन्नड, सीए मारवाडी. तिघांनाही 'सेटिंग' कळतं. त्याच्या जागी 'प्राधान्ये' दिसलं की तिघंही मला हाक मारतात. दोन दिवसांत परत इंग्रजी केलं.

कडकभाकरी: म्हणजे मराठी नकोच! काय बे, सोलापुरात राहून हे बोलतोस?

टॉवेल_एमआयडीसी: 'प्राधान्ये' हा शब्द तू घरी शेवटचा कधी बोललास तेवढं सांग. 'आई, भाकरीला प्राधान्य दे' असं?

कडकभाकरी: शब्द वापरल्याशिवाय रुळतो का? 'संगणक'लाही हसलेच होते लोक.

टॉवेल_एमआयडीसी: वर चादरवाल्यांनी 'कॉम्प्युटर' लिहिलंय. बघ रुळला का.

सात_रस्ता: धागा बटणांचा होता हो.

कडकभाकरी: बटणावर काय लिहायचं हा बटणांचाच प्रश्न आहे. तुमच्या सुडोचा अर्थ सांगा आधी हिशेबाच्या बाईंना.

चादरवाला: भांडा तुम्ही. धोट्यांचं एवढं मान्य, फोन आधी करायला हवा होता. सात_रस्ता म्हणतात तसं भाच्याला सांगितलं. दर बदलायचं त्यानं माझ्या लॉगिनला दिलं, बदलला की त्याला मेसेज जातो. बिल खोडायचं मात्र दिलं नाही. म्हणतो, मामा, तुमची सवय माहीत आहे.

धोटा: कसली सवय?