क्लाउडच्या कमांड-लाइन क्लायंटमध्ये परफॉर्मन्स प्रोफाइलिंग घालायचे आहे, कोणता मार्ग धरावा?

मुळाकाठ
नमस्कार. आमच्या संस्थेत ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड-सॉफ्टवेअरवर चालणारा खाजगी क्लाउड आहे आणि त्यासाठी आम्ही पायथॉनमध्ये, क्लिफ ही चौकट वापरून, स्वतःचा कमांड-लाइन क्लायंट लिहिला आहे. सर्व्हरची साधी यादी मागितली तरी कधी उत्तर लगेच येते, तर कधी बराच वेळ थांबावे लागते. हा वेळ क्लायंट सुरू होण्यात जातो, कीस्टोन या लॉगिन तपासणाऱ्या सेवेकडून टोकन (प्रवेशाचा तात्पुरता परवाना) मिळवण्यात जातो की सर्व्हर सांभाळणाऱ्या नोव्हा सेवेच्या एपीआयची वाट पाहण्यात, हे तक्रार करणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि आम्हालाही. म्हणून मोजमापाची सोय क्लायंटमध्येच द्यायची आहे. मर्यादा अशा: पायथॉन ३.९, नवी कोणतीही लायब्ररी नाही, सर्व्हरच्या बाजूला बदल नाही आणि काम याच आठवड्यात संपावे. आपला अनुभव सांगावा.

रात्रपाळी
ओपनस्टॅक असेल तर ओएस-प्रोफाइलर हे त्याचेच मोजमापाचे साधन सोडून दुसरे काही पाहू नये. कमांडला एचमॅक की (सहीसाठीची गुप्त किल्ली) दिली की क्लायंट प्रत्येक विनंतीबरोबर ट्रेसची (विनंतीच्या प्रवासाच्या नोंदीची) माहिती आणि तिची सही हेडरमधून पाठवतो, आणि नोव्हा, न्यूट्रॉन (नेटवर्क), सिंडर (डिस्क) या सेवा आपापले टप्पे त्याच ट्रेसला जोडत जातात. शेवटी मिळालेल्या ट्रेस क्रमांकावरून एचटीएमएल अहवाल काढला की डेटाबेसच्या कोणत्या क्वेरीला किती वेळ लागला, इथपर्यंत दिसते. आम्ही साठवणीसाठी रेडिस हा डेटाबेस वापरतो. क्लायंटच्या पोटात कितीही मोजले तरी सर्व्हर का रेंगाळला हे कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मुळाकाठ
माहितीबद्दल आभार, पण यासाठी प्रत्येक सेवेच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रोफाइलर सुरू करून तीच की तिथेही नोंदवावी लागते. सर्व्हरला हात लावण्याची परवानगी आम्हाला नाही.

गो_समर्थक
मूळ अडचण पायथॉन हीच आहे. आम्ही आमचा क्लायंट गो या भाषेत नव्याने लिहिला आणि सुरू होण्याचा वेळ जाणवेनासा झाला. क्युबकटल हा कुबरनेटीसचा क्लायंट पाहा: त्यात प्रोफाइलचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) आधीपासूनच आहे, सीपीयू, हीप, गोरुटीन, म्युटेक्स यांपैकी हवे ते मागता येते आणि निकाल पीप्रॉफ या गोच्या प्रोफाइल-साधनाच्या फाइलमध्ये मिळतो. कमांड मध्येच कंट्रोल-सी दाबून थांबवली तरी ती फाइल नीट लिहिली जाते, एवढी काळजी तिथे घेतलेली आहे. लिहायला वेळ लागेल, पण एकदाच लागेल.

लॉगवाचक
या आठवड्यात संपवायचे काम आहे, असे धागाकर्त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. शिवाय एक तांत्रिक मुद्दा नोंदवतो. गोचा सीपीयू प्रोफाइल सेकंदाला १०० नमुने घेतो, पण ते प्रोसेसर प्रत्यक्ष काम करत असतानाचे. नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात उमटत नाही. कमांड दहा सेकंद अडकून बसली तरी प्रोफाइल जवळजवळ रिकामा येतो आणि नवखा माणूस समजतो की सगळे ठीक आहे. क्लाउडचा क्लायंट बहुतेक वेळ वाटच पाहत असतो. त्यामुळे प्रत्यक्ष सरलेला वेळ मोजणे हीच पहिली गरज आहे. अधिकृत ओपनस्टॅक क्लायंटमधला टायमिंगचा पर्याय नेमके हेच करतो: कमांड संपल्यावर प्रत्येक एपीआय विनंती आणि तिला लागलेले सेकंद यांचा तक्ता छापतो.

मांडवीकाठ
वरील मुद्दा योग्य आहे, पण तो तक्ता अर्धेच चित्र दाखवतो. विनंती निघण्यापूर्वीचा वेळ त्यात येत नाही, आणि आमच्याकडे मुख्य विलंब तिथेच सापडला. पायथॉन ३.७ पासून इम्पोर्टटाइम हा पर्याय आहे. तो प्रत्येक मॉड्यूल आणायला किती मायक्रोसेकंद लागले ते स्टँडर्ड एररवर लिहितो, आणि त्यासाठी काहीही नवीन बसवावे लागत नाही. क्लिफवरचे क्लायंट आपल्या कमांड एंट्री पॉइंटमधून (बसवलेल्या पॅकेजेसनी केलेल्या नोंदींतून) शोधतात. यंत्रावर जितकी पॅकेजेस जास्त, तितका हा शोध लांबतो. हा शोध घेणाऱ्या स्टीव्हडोअर लायब्ररीची जुनी आवृत्ती असेल तर ती आधी तपासावी, कारण नंतरच्या आवृत्त्यांनी हा शोध डिस्कवर जपून ठेवायला सुरुवात केली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्रोफाइलिंगचा फ्लॅग आर्गपार्सने (पायथॉनच्या कमांडचे पर्याय वाचणाऱ्या मॉड्यूलने) वाचेपर्यंत बहुतेक इम्पोर्ट होऊन गेलेले असतात. सीप्रोफाइल हा पायथॉनचा प्रोफाइलर त्यानंतर सुरू केला तर ज्याचा संशय आहे तोच भाग नोंदीबाहेर राहतो. मोजणी सुरुवातीच्या फाइलच्या पहिल्या ओळीत, बाकी काहीही इम्पोर्ट होण्याआधी सुरू व्हावी, आणि तिचा निर्णय एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून व्हावा.

कोथरूड_टर्मिनल
मीही सीप्रोफाइलच सुचवतो. तो स्टँडर्ड लायब्ररीत आहे आणि एकत्रित वेळेनुसार यादी लावली की दोषी फंक्शन वर येते. मात्र तो प्रत्येक फंक्शन कॉलवर नोंद करतो, त्यामुळे लहान लहान फंक्शने असलेला कोड आहे त्यापेक्षा संथ दिसतो. म्हणून मी स्वतः पाय-स्पाय वापरतो. तो बाहेरून नमुने घेतो, मूळ कोडला धक्का लागत नाही, आणि त्याचा फ्लेम ग्राफ (कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला याचे चित्र) पाहून आमच्या वरिष्ठांनी लगेच सुधारणेला मान्यता दिली.

फ्लॅगचे नाव मात्र प्रोफाइल असेच ठेवावे. सर्वांना ते कळते.

लॉगवाचक
त्या नावाला माझा विरोध आहे. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या क्लायंटमध्ये प्रोफाइल म्हणजे क्रेडेन्शियलचा संच, तर क्युबकटलमध्ये परफॉर्मन्सची नोंद. दोन्ही वापरणारा माणूस तुमच्या क्लायंटला खात्याचे नाव देऊन बसेल. शिवाय पाय-स्पाय हीदेखील नवी लायब्ररीच झाली, आणि कंटेनरमध्ये तिला पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची) वेगळी परवानगी लागते.

रात्रपाळी
सीप्रोफाइलची आणखी एक मर्यादा कोणी सांगितली नाही. ३.९ मध्ये तो ज्या थ्रेडमध्ये सुरू केला त्याच थ्रेडचे पाहतो. मोठी इमेज तुकड्यातुकड्याने अनेक थ्रेडमधून चढवत असाल, तर मुख्य थ्रेड लॉकची वाट पाहत बसला आहे एवढेच दिसेल. म्हणूनच मी पुन्हा ओएस-प्रोफाइलरच म्हणतो.

वाशी_नोड
आमच्याकडे घडलेला प्रकार सांगणे मला आवश्यक वाटते. एका ग्राहकाने कामगिरीची नोंद म्हणून डीबगचा पूर्ण लॉग तिकिटाला जोडला. त्यात पूर्ण यूआरएल होते आणि एका ऑब्जेक्टसाठी दिलेला तात्पुरता सहीचा दुवाही होता. तो दुवा मुदत संपेपर्यंत कोणालाही उघडता आला असता. प्रोफाइलची फाइल लोक निष्काळजीपणे पुढे पाठवतात, कारण त्यांना ती फक्त आकड्यांची वाटते. यूआरएलमधला प्रश्नचिन्हानंतरचा भाग लिहूच नये, टोकन तर मुळीच नको, आणि फाइल फक्त मालकाला वाचता यावी.

आणखी एक: प्रत्येक कमांड नवे टोकन मागत असेल तर प्रोफाइलिंग न करताही कारण ठाऊक आहे. स्क्रिप्टमध्ये शंभर कमांड असतील तर शंभर वेळा लॉगिन होते. इंटरॅक्टिव्ह पद्धतीने एकाच सत्रात कमांड द्याव्यात, किंवा ओपनस्टॅक एसडीकेच्या क्लाउड्स डॉट यामल या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये टोकन कीरिंगमध्ये (यंत्राच्या पासवर्ड-साठ्यात) जपण्याची सोय आहे ती पाहावी.

गो_समर्थक
गोमध्ये एंट्री पॉइंटचा शोध हा प्रकारच नसतो, एवढे नोंदवून थांबतो.

मुळाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. विचारांती मी पूर्ण प्रोफाइलर घालणार नाही, सीप्रोफाइलही नाही आणि ओएस-प्रोफाइलरही नाही. तक्रार करणाऱ्या माणसाकडून मला फंक्शनांची हजारो ओळींची यादी नको आहे, वेळ कोणत्या टप्प्यात गेला एवढेच हवे आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असेल तरच पर्फ काउंटर या पायथॉनच्या घड्याळाने चार खुणा घेईन: पहिली ओळ, इम्पोर्ट पूर्ण, टोकन हाती, छपाई पूर्ण. सोबत प्रत्येक विनंतीची पद्धत, मार्ग, स्टेटस आणि सेकंद. प्रश्नचिन्हानंतरचे काहीही लिहिले जाणार नाही. इम्पोर्टचा आकडा मोठा दिसला, तर त्या यंत्रावर इम्पोर्टटाइम चालवायला सांगू. फ्लॅग देणार नाही, त्यामुळे नावाचा प्रश्नही उरत नाही.

रात्रपाळी
आपला निर्णय मला पटलेला नाही. सर्व्हरकडे वेळ गेला असे दिसल्यावर आपण पुढे कोणाकडे आणि काय घेऊन जाणार?

मुळाकाठ
प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये ओपनस्टॅकचा रिक्वेस्ट आयडी (त्या विनंतीचा क्रमांक) येतो, तोही त्याच ओळीत लिहिणार आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तो दिला की त्यांच्या लॉगमध्ये ती नेमकी विनंती शोधता येते, आणि त्यासाठी त्यांना काहीही बदलावे लागत नाही.

वाशी_नोड
विनंती टाइमआउट झाली तर उत्तरच येत नाही, म्हणून आयडीही मिळत नाही. सर्वांत महत्त्वाच्या तक्रारी त्याच असतात. नोव्हासारख्या सेवांना क्लायंटने आपला ग्लोबल रिक्वेस्ट आयडी पाठवता येतो. तो कमांड सुरू होतानाच तयार करून पहिल्या ओळीत लिहावा.

मुळाकाठ
ही सूचना मान्य आहे. आजच जोडतो.