माळव्यात थोडं उलटं झालं

माणसं आधी वसतात आणि मग तिथे रेल्वे जाते, असं बरेच जण म्हणतात. माळव्यातल्या इंदूरात बसून मला हे अर्धंच पटतं. इंदूर संस्थानचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं, तेव्हा इंदूर आजच्याएवढं कुठे होतं? खांडव्याहून घाट चढून रूळ आले, माळव्याचा कापूस नि अफू मुंबईच्या वाटेला लागली आणि पुढे गिरण्यांभोवती वस्ती फुगली. (इथल्या आपल्या मराठी माणसांपैकी कित्येकांचे पूर्वज त्याआधीच होळकरांच्या चाकरीत आले होते, म्हणून 'अर्धंच'.)

शेतीचं तर आणखी गमतीदार. इथली काळी माती पावसात अशी चिकटते की पायातली चप्पल तिथेच राहते. पूर्वी खरिपात बरीच शेतं पडीक ठेवायचे आणि मुरलेल्या ओलीवर गहू घ्यायचे. १९७० नंतर सोयाबीन आलं आणि तीच शेतं पावसाळ्यातही पिकू लागली. मागोमाग तेलाचे कारखाने आले, त्यांच्यामागे ट्रक.

ऑक्टोबरात इंदूरच्या छावणी भागातल्या धान्य मंडीत जाऊन बघा. सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग असते. व्यापारी एक दाणा दाताखाली फोडतो, "ओल आहे" म्हणतो आणि भाव पाडतो.