तंबू, गाणी आणि वळीव: कॉलेजच्या दोस्तांबरोबर गेलेल्यांनी लिहा

टिळकवाडीची आत्या
काल पुतणीचा फोन. तिच्या कॉलेजचा ग्रुप मे महिन्यात गोव्याकडं जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर कुठंतरी तंबू ठोकून म्युझिक फेस्टिवलला जायचं म्हणतोय. मुक्कामी. "आत्या, अप्पांना तू सांग." अप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ, ओळखणारे ओळखतात.

तेव्हापासून २००८ चा मे डोक्यातून जात नाही. जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना माळ लागतो, तिथं कुणाच्या तरी काजूच्या बागेशेजारी असाच एक भरला होता. फार गाजावाजा नाही, हुबळी, कोल्हापूर, पणजीकडची कॉलेजची पोरं आपापली वाद्यं घेऊन आलेली. आम्ही वडापनं गेलो, टपावर तंबू, आत आम्ही आणि कुणाच्या तरी कोंबड्या.

तंबूची खुंटीच जाईना जमिनीत. खाली सगळा जांभा. दगडानं ठोकली की खुंटी वाकायची आणि हाताला नुसती तांबडी भुकटी. गुरं घेऊन चाललेले एक मामा थांबले, जरा वेळ बघितलं, आणि काही न बोलता चार चिरे उचलून आणून दोऱ्या त्यांना गुंडाळून दिल्या. जाताना एवढंच, "ढग आलाय, निजू नकासा."

चारच्या सुमाराला वळीव आला. गारा! साऊंडवाल्या पोरानं स्वतःचा रेनकोट मिक्सरवर घातला आणि आपण भिजत उभा. खुंट्या मारलेले तंबू गेले काजूत, आमचा जागेवर राहिला, पण आत गुडघाभर चिखल. रात्री दहाला नियमाप्रमाणं स्पीकर बंद. मग जवळच्या वाडीतलं भजनी मंडळ आलं. पखवाजाला लावायला कणीक विसरलेले, ती आमच्या जेवणवाल्यांच्या परातीतनं घेतली. पखवाजवाले आजोबा अंगठ्यानं ती दाबून बसवत होते, वाजवून बघत होते, पुन्हा चिमूटभर काढत होते, आणि पणजीचा ड्रमवाला पोरगा शेजारी उकिडवा बसून नुसता बघत होता. पहाटेपर्यंत दोघं हललेच नाहीत. स्टेजवर कोण कोण वाजवून गेलं ते आज एक आठवत नाही.

कोण कोण गेलाय असं? लिहा पटापट. अप्पांना दाखवायला पुरावा पाहिजे.

खानापूरकर
जांभ्यात खुंटी मारणारे तुम्ही पहिले न्हवे ओ 😂 आमच्याकडं मांडववाले पण दगडच बांधतात. ते मामा आमच्याच गावचे असणार, सगळे मामा असेच बोलतात.
आता तिकडं एवढं सोपं नाही हं. २०११ ला भीमगड अभयारण्य झालं, जंगलालगत आवाज-उजेड म्हटलं की फॉरेस्टवाले येतात. बरंच आहे म्हणा. अस्वलं आहेत. पुतणीला सांगा, फणसाच्या झाडाखाली तंबू नको, पिकला की येतंय ते.

शहापूरची
अस्वल फणस खायला येतंय हे खरं काय?? मी जन्मात ऐकलं नाही.

खानापूरकर
येतंय की. वासावर येतंय.

निपाणीचा_नित्या
आमचा कॉलेजचा मे तंबाखूच्या वखारीत गेला, तंबू कुठला आणि काय. वाचून बरं वाटलं पण. जेवण बनवतोय, नंतर लिहितो.

दूरदेशी
मी बेळगावचा, एम.एस.ला ब्रिस्टलला होतो. ग्रुपमधले चौघं धरून ग्लास्टनबरीच्या म्युझिक फेस्टिवलला घेऊन गेले. जूनअखेर, म्हणजे तिकडचा उन्हाळा. म्हणायला उन्हाळा. चिखल असा की बूट पायातनं सुटून तिथंच उभा. लाखांनी माणूस, आणि सगळं चालतंय एका शेतकऱ्याच्या गाईंच्या कुरणात. १९७० ला पहिल्यांदा भरवलं तेव्हा तिकीट एक पौंड आणि दूध फुकट! मधनंमधनं एखादं वर्ष भरवतच नाहीत, रान पड ठेवतात, २०१८ ला ठेवलं होतं. हे ऐकून मला तिथंच घरची आठवण आली, आमचा बा उसाचं रान एक हंगाम पड ठेवायला कधी तयार होत नाही.
तंबूत शेजारी पंजाबी पोरं होती. मी चिरमुरे नेले होते, त्यांनी लोणचं काढलं. संडासाबद्दल विचारू नका.

शहापूरची
विचारतोच. काय होतं?

दूरदेशी
जेवायची वेळ आहे, गप.

हुक्केरीकर
दूध फुकट 😄 आमच्याकडं चहाला मिळंना.
पंडित रविशंकर १५ ऑगस्ट १९६९ ला अमेरिकेत वुडस्टॉकच्या फेस्टिवलला वाजवत होते, तेव्हापण पाऊस. आपल्या वळिवाला कुठंही पाठवा, गाणं सुरू झालं की येतोय.

जुना_धारवाडी
उन्हाळा नाही आणि तंबू पण नाही, तरी लिहितो. धारवाडला शिकत असताना आम्ही कुंदगोळला जायचो, सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला. नाडगीर वाड्यात रात्रभर. जमखान्यावर बसायचं, झोप आली तर तिथंच आडवं, भैरवीला शेजारचा हलवून उठवणार. शेजारचा कोण, त्याला मराठी येत नाही, मला कन्नड जेमतेम. "एळ्री, एळ्री" म्हणत उठवायचा. पहाटे कुंदगोळ स्टेशनवर हुबळीची गाडी येईपर्यंत गाणं कसं झालं यावर भांडणं. आमच्यातला एक सारखा म्हणायचा, कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे. अरे बाबा, मग तू पण गा की.

सुळेभावीकर
आमचेच आहेत. ८ एप्रिल १९२४. वाद नको.

निपाणीचा_नित्या
जेवण झालं. काय लिहायचं होतं विसरलो.

मजगावची_वहिनी
आत्या, पाठवा ओ पोरीला. मी सासूबाईंना न सांगता गेलो होतो, लग्नानंतर, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर. तपशील नको, त्या पण वाचतात. बॅटरी, ओआरएस, प्लास्टिकची पिशवी कपड्यांना. आणि रेंज नसते ते घरात आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर रात्री अकराला मामा गाडी घेऊन हजर. आमच्या एकीचे आले होते. आले ते आले, सकाळी करवंदं घेऊनच परत गेले.

टिळकवाडीची आत्या
पुतणीला सगळं पाठवलं. ती म्हणते, तंबूचं आम्ही बघतो, तू फक्त अप्पांचं बघ.

खानापूरकर
अप्पांचं काम अवघड. अस्वलाचं काय ते आम्ही बघतो.

शहापूरची
करवंदं आली काय ओ कणकुंबीला? रविवारी कोण जाणार असेल तर माझ्यासाठी पण आणा, डबा देतो.