रुद्रभूमीत जिवंत माणसाची जागा आधीच अडवून ठेवावी का?

बाळीवेसकर
दोन आठवड्यांपूर्वी आमची काकू लिंगैक्य झाली, म्हणजे वारली. खड्डा कुठं काढायचा म्हणून रुद्रभूमीत, म्हणजे आम्हा लिंगायतांच्या दफनभूमीत, आम्ही चौघं तासभर हिंडलो. समाधीच्या कट्ट्याला कट्टा लागलेला, ग्रॅनाईटच्या फरश्या, मधून विमान, म्हणजे देह बसवून नेतात ती पालखी, न्यायलाही वाट नाही. आणि एका कोपऱ्यात चार खांब, साखळी, पत्र्यावर आडनाव. आत दोन जागा रिकाम्या. त्या घरातली माणसं ठणठणीत आहेत, एक तर पुण्यात नोकरीला आहे. काकूला शेवटी कंपाउंडच्या भिंतीला लागून बसवलं. पावसाळ्यात सगळं पाणी तिथंच येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. तिथं कुणाच्या नावावर सातबारा नाही, खरेदीखत नाही. हातात असते ती पावती, तीही खड्ड्याची आणि साफसफाईची. पावतीनं पुरायचा हक्क मिळतो, मालकी नाही. त्यामुळं मेल्याशिवाय जागा नाही, हा पहिला नियम असावा. ज्याला पक्कं बांधायचंय त्यानं देखभालीला जबाबदार माणूस लेखी द्यावा. आणि वीस वर्षं ज्या जागेकडं कुणी फिरकलं नाही, तिथं नवा खड्डा काढायला मोकळीक असावी.

अव्वा_६८
साखळी आमची नाही. पण जमलं असतं तर मीही लावली असती.

माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. दर सोमवारी मी बेल घेऊन जाते. त्यांच्या डाव्या हाताला एका माणसापुरती जागा आहे, ती माझी. मुलांना सांगून ठेवलंय. तुमच्या नियमानं उद्या तिथं परका माणूस येणार, आणि मी भिंतीला, पाण्याच्या वाटेवर. नियम करताना म्हाताऱ्या बायकांना कुणी विचारतं का हो?

कायकवे_कैलास
मावशी, भावना कळते. पण आपला धर्म काय सांगतो? स्थावराला, म्हणजे एका जागी बांधलेल्याला, नाश आहे, जंगमाला, म्हणजे चालत्याबोलत्याला, नाही, असं बसवण्णा सांगून गेले. आपल्या गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर असतं, शेवटी ते देहासोबतच जातं. मग वर ग्रॅनाईट कशाला? विभूती, माती, संपलं. आपण बसवून पुरतो म्हणून मुळात जागाही कमी लागते. खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा काढायचा, त्यात देह बसवायचा. आडव्या कबरीच्या मानानं वरची जमीन थोडीच अडते. वाचलेली जागा आपण कट्ट्यांनी खाल्ली.

गड्ड्याचा_भक्त
कूडलसंगमला बसवण्णांच्या ऐक्यस्थळी लोक रांगा लावतात, ते काय आहे मग? आणि आपल्या सोलापुरात तळ्यातल्या देवळात सिद्धरामेश्वरांची समाधी आहे, तिथं संक्रांतीला नंदीध्वज नाचतात तेव्हा स्थावर आठवत नाही का? संतांची समाधी चालते, माझ्या बापाची खुपते. हे बरंय!

कायकवे_कैलास
सिद्धरामेश्वरांनी जिवंतपणी गावासाठी तळं खोदवलं. तुमच्या वडिलांनी गल्लीतला नळ दुरुस्त केला असेल तर मीही येऊन फूल वाहीन.

गड्ड्याचा_भक्त
वडिलांवर जायचं काम नाही.

कायकवे_कैलास
चुकलं. माफ करा.

शास्त्रीनगर_वाला
मी मुस्लिम आहे, मधेच तोंड घालतोय. आमच्यात कबर कच्चीच ठेवावी, असं मोठी माणसं सांगत आली. माती बसते, वर गवत येतं, पुढं कधीतरी तिथंच दुसरी मय्यत होते. अब्बांची कबर आज मला नेमकी दाखवता येणार नाही, लिंबाच्या झाडाजवळ कुठंतरी. फातिहा तिथूनच वाचतो. वक्फची जमीन असली की ती विकता येत नाही, म्हणून मालकीची भाषा टिकत नाही. पण खोटं कशाला बोलू, आमच्यातही पैसेवाल्यांनी संगमरवर चढवलेत, आणि त्यावरून जुम्म्यानंतर भांडणं होतात.

मिशन_कंपाउंड
आमची तऱ्हा वेगळी. मुंबईतल्या माझ्या मावशीच्या चर्चमध्ये ठरावीक वर्षांनी कबर उघडून हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर नावाची पाटी. घरच्यांना आधी कळवतात, प्रार्थना होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आता वाटतं की हे निदान उघडपणे होतं. इथं २ नोव्हेंबरला मेणबत्त्या लावायला गेलं की निम्म्या कबरींवर बाभळी. ती घरं पुण्याला, परदेशात गेली. हक्क त्यांचा, झाडं तोडायची आम्ही.

होटगी_रोड
एवढं डोकं कशाला लावताय ओ. शेतात पुरा की. आमच्याकडं पिढ्यान्पिढ्या बांधाला समाध्या आहेत.

बाळीवेसकर
आणि शेत विकलं की? आमच्या सोयऱ्यांचं तेच झालं. नव्या मालकानं प्लॉट पाडले, आता पणजोबांच्या समाधीवर कुणाची तरी पार्किंग आहे. शिवाय महापालिकेच्या हद्दीत मंजूर नसलेल्या जागी परवानगीशिवाय पुरता येत नाही. ज्यांना शेत नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

वही_सांभाळणारा
मी एका रुद्रभूमीचं काम पाहतो, कुठली ते सांगत नाही. तुम्ही सगळे मान-अपमानावर बोलताय, माझी डोकेदुखी माती आहे. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्यात खड्ड्याची भरणी दोन पावसाळे बसत राहते. लोक महिन्याच्या आत कट्टा बांधतात, पुढच्या वर्षी तो एका अंगाला कलतो, शहाबादी फरशी तडकते आणि फोन मला. निदान दोन पावसाळे थांबा, हे दर वेळी सांगतो. कुणी ऐकत नाही, कारण वर्षश्राद्धाला पाहुण्यांना दाखवायचं असतं.

दुसरं, वारस. आजोबांची पावती थोरल्याकडं, कट्ट्याचे पैसे धाकट्यानं दिलेले, आणि बहिणीच्या सासूला तिथं जागा हवी. कोण सही देणार? वहीत एकच नाव असतं, तेही वारलेल्या माणसाचं.

वीस वर्षांचा नियम लिहायला सोपा आहे. खड्डा काढताना खाली काही लागलं आणि त्या घरचा कुणी समोर उभा राहिला तर? कुणाच्या भावना दुखावतील हे माहीत असून दफनभूमीत आगळीक केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कुदळ माझ्या माणसाच्या हातात असते, ठराव करणाऱ्यांच्या नाही. आधी दवंडी, नोटीस, घरी पत्र, आणि तरीही कुणी आलं नाही तर जंगम पुरोहित बोलावून विधी. एवढं करायची तयारी असेल तर नियम करा.

साखळीबद्दल मात्र बाळीवेसकरांशी सहमत. फक्त नवरा-बायकोच्या जोडजागेला माझी हरकत नाही, एक गेलेला असेल तर. दोन्ही जिवंत असताना नाही.

अव्वा_६८
मग माझं नाव वहीत लिहून घ्या. सोमवारी येते.

वही_सांभाळणारा
मावशी, तुमची रुद्रभूमी माझ्याकडची आहे की नाही तेच ठाऊक नाही. पण जिथं आहे तिथं लेखी द्या, मुलांच्या सह्या घेऊन. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

गड्ड्याचा_भक्त
बाळीवेसकर, एक विचारू? तुमच्या अज्जांचा कट्टा किती फुटांचा आहे?

बाळीवेसकर
बघून सांगतो.

बाळीवेसकर
काल टेप घेऊन गेलो होतो. कट्टा सात बाय सहा. खड्डा चार बाय चारचा होता, मी स्वतः उभा होतो तेव्हा. पायरी आणि तुळशीसाठी म्हणून वडिलांनी वाढवला होता. मधली वाट आमच्यामुळंच बंद झालीय. काकूला नेताना आम्ही वळसा घातला तो त्याच कट्ट्याला, आणि मला तेव्हा दिसलं नाही.

गड्ड्याचा_भक्त
मग कधी फोडताय?

बाळीवेसकर
गवंड्याशी बोललोय, पायरीच्या बाजूनं दोन फूट काढतो म्हणाला. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.