अनुभव धागा : नागपुरातल्या घरच्या फुटबॉल मैदानावरचा माहोल, घोषणा, ढोल आणि बॅनर

मोतीबाग_एंड
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीत, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या, "घेऊन जा गे मारबत"चा गजर ऐकला अन् कामठीच्या रब्बानी मैदानावरचा जुना माहोल आठवला. एक जण "इडा, पिडा, रोगराई" म्हणतो आणि पुढचं सगळी गर्दी उचलते. कागद नाही, माइक नाही, तालीम नाही. फुटबॉलची घोषणा अशीच चालायला हवी. पण आता जिकडेतिकडे मोठा स्पीकर येतो, त्यावर गाणी वाजतात आणि माणसं मोबाइल धरून गप्प उभी राहतात. मैदानावर आवाज माणसांचाच पाहिजे. आपल्यासाठी कोणीतरी ओरडतंय हे खेळाडूला कळावं, यासाठीच तर तो असतो.

म्हणून हा धागा. ज्याला जे माहीत आहे ते लिहा, अगदी बारीकसारीकसुद्धा.

आपल्या क्लबांच्या नावांपासून सुरुवात करतो. घोषणा मोकळ्या स्वरावर संपली तरच लांब जाते. "रब्बानी"चं नशीब चांगलं आहे. रब्-बा-नी असे तीन ठोके, चौथ्यावर टाळी. "बा" आणि "नी" दोन्ही हवे तेवढे ताणता येतात. "राहुल"ला मात्र शेवटच्या "ल"वर जीभ वर टेकते आणि आवाज तिथेच अडतो. तिथे "राहुल होऽऽ" करावं लागतं. "यंग मुस्लिम" एका दमात म्हटलं की गुडगुड ऐकू येतं. एका बाजूने "यंग", दुसरीकडून "मुस्लिम", जोर "मुस्"वर; शेवटचा "म" गिळला गेला तरी बिघडत नाही. खेळाडूंच्या नावांचंही तसंच. आकारान्त, ईकारान्त नावं आपोआप चढतात. बाकीच्यांना "भाऊ" जोडा, "ऊ"वर सगळं मैदान ताणू शकतं.

छावणीवाला
बरोबर बोलले भाऊ. पण लीडरशिवाय हे चालत नाही.

लीडर पहिल्या रांगेच्या पुढे, मैदानाकडे पाठ करून उभा पाहिजे. तोंड गर्दीकडे, हात वर. म्हणजे त्याला मॅच दिसतच नाही! म्हणून त्याच्या बाजूला एक जण मैदानाकडे पाहणारा ठेवाच. तो खांद्यावर थाप मारून सांगते: एक थाप कॉर्नर, दोन थापा फ्री किक, खांदा दाबला तर चूप, कोणी तरी लागून पडलं आहे. हा दुसरा माणूस नसला तर आपला खेळाडू मैदानात विव्हळून राहिला अन् आपण नाचून राहिलो, असं होते. ते फार वाईट दिसते.

अन् लीडरही बदलता ठेवा. एका हाफला एक. नव्वद मिनिटं सलग कोणाचाच गळा चालत नाही.

सीताबर्डी_कॉर्नर
शिट्टी!! गर्दीत कोणीही शिट्टी आणू नये, हे आधी लिहा. रेफरीचीच शिट्टी समजून डिफेंडर थांबतो, समोरचा बॉल घेऊन निघून जातो, आणि रेफरी म्हणतो मी वाजवलीच नाही. अशी खरीखुरी भांडणं होतात.

फिजिक्सवाले_सर
दोन्ही बाजूंची गर्दी एकत्र गायला लागली की ताल का फाटतो, त्याचा साधा हिशेब देतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाची लांबी १०५ मीटर धरली तर एका गोलमागचा आवाज दुसऱ्या गोलमागे पोहोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोके या चालीने गात असाल तर दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. म्हणजे समोरच्यांचा ठोका तुम्हाला अर्ध्या ठोक्याहून जास्त उशिरा ऐकू येतो. तुम्ही त्यांच्याशी जुळवायला हळू होता, ते तुमच्याशी जुळवायला आणखी हळू होतात, आणि दोन मिनिटांत घोषणा बसते.

उपाय दोन. एक, कानाने नव्हे, डोळ्याने जुळवा. टाळी डोक्यावर हात नेऊन वाजवायची. ती समोरच्यांना वाजता क्षणी दिसते. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या समर्थकांची हात पसरून वाजवलेली टाळी गाजली, तिच्यात नेमकं हेच आहे: हात पसरलेले दिसतात, सगळे थांबतात, मग एक टाळी. सुरुवातीला दोन टाळ्यांमध्ये चांगलं अंतर असतं, म्हणून हजारो माणसं जुळतात. दोन, समोरासमोर एकत्र गाऊ नका, सवाल-जवाब करा. एका बाजूने म्हणायचं, पूर्ण एक ठोका सोडायचा, मग दुसरीने. त्या रिकाम्या ठोक्यात उशीर जिरून जातो.

ढोल नेहमी घोळक्याच्या मधोमध. एका टोकाला ठेवला आणि घोळका तीस मीटर पसरलेला असेल तर दुसऱ्या टोकाला ठोका ०.०९ सेकंद उशिरा पोहोचतो. थोडा वाटतो, पण टाळी विस्कटायला तेवढा पुरतो.

छावणीवाला
सर, ०.०९ म्हणजे "टाळी"ची "टाटाळी" होते तेच ना 😀

फिजिक्सवाले_सर
अगदी तेच.

धुमाल_इतवारी
आता ढोलाचं. आपल्या नागपूरला धुमाल, म्हणजे वरातीत वाजणारं ढोल-ताशाचं पथक आहे, बाहेरून काही शिकायची गरज नाही. फक्त वरातीतली धुमाल अन् मैदानातली धुमाल वेगळी, हे ध्यानात ठेवा. वरातीत वाजवणारा लोकांना नाचवते, मैदानात लोकांना बोलायला जागा द्यावी लागते. ताशाची सतत कडकड सुरू राहिली तर कोणाचे शब्द ऐकूच येत नाहीत. ताशाचा सूर उंच, शब्दही तिथेच असतात, दोन्ही एकमेकांवर चढतात. म्हणून शब्द सुरू असताना फक्त ढोल, शब्द संपल्यावर ताशाचा तुकडा. पन्नास माणसांना दोन ढोल अन् एक ताशा भरपूर झाला.

कॉर्नर मिळाला की ताशावर बारीक रोल सुरू करा, हळूहळू चढवा, अन् किक मारायला खेळाडूनं पाय उचलला की एकदम बंद. ती शांतता भल्ली कामाची. सगळं मैदान श्वास धरते. काही जण किकनंतरही वाजवत राहतात, मग आपल्याच खेळाडूला "सोड", "माझा" असा आवाज जात नाही.

चामड्याचं पान असलं तर पावसाळी हवेत ते सैल पडते, आवाज "धप्प" येतो. मॅचच्या अर्धा तास आधी उन्हात ठेवा, ऊन नसलं तर शेकोटीपासून दोन हात दूर, फिरवत फिरवत. जवळ नेलं तर पान कडेला फाटते. प्लास्टिकच्या पानाला ही कटकट नाही, पण गोडवा कमी. पाऊस येण्याआधी मोठी पॉलिथिनची पिशवी घालायची, आल्यावर नाही. ढोलवाल्याला दर पंधरा मिनिटांनी बदला. मनगट थकलं की चाल वाढते, अन् चाल वाढली की गाणारे धापा टाकतात.

संत्री_मार्केट
धुमाल_इतवारी भाऊ, ते इलेक्ट्रॉनिक पॅडवाले बॅटरीवर येतात ते चालतील का?

धुमाल_इतवारी
पॅड आलं की स्पीकर आला, अन् स्पीकर नको म्हणूनच हा धागा निघाला 🙏

धंतोलीतली_मी
एक महत्त्वाचं. यशवंत स्टेडियमच्या आसपास दवाखानेच दवाखाने आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती कमीत कमी १०० मीटरचा शांतता परिसर ठरवता येतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. ढोलही त्याच नियमांत बसतात, फक्त स्पीकरच नाही. धंतोलीत मॅच असली तर टाळ्या आणि गळा, ढोल घरी. एवढं पाळलं तर कोणी तक्रार करत नाही.

आणि कोणीतरी बायकांसाठी लिहा ना. कुठे उभं राहावं, मुलं सोबत असली तर काय?

कळमना_ताई
मी लिहिते. ढोलापासून मुलांना निदान पंधरा पावलं दूर आणि ढोलाच्या तोंडासमोर नाही, बाजूला. चार-पाच वर्षांच्या खालच्या मुलांना कानावर बसणारे मफ घाला, कापूस काही उपयोगाचा नाही. बायका घोळक्याच्या कडेला नाही, मधे दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत उभ्या राहिल्या तर बरं. तिथे धक्काबुक्की कमी आणि आवाजालाही फायदा, कारण बायकांचा, मुलांचा सूर वर असतो आणि तो पुरुषांच्या आवाजातून वेगळा फुटून ऐकू येतो. पण लीडरनं घोषणा उंच पट्टीत काढली की सगळंच बिघडतं. उत्साहात पहिलाच आवाज टिपेला लावतात, मग पुढे कोणालाच पोहोचता येत नाही आणि तिसऱ्या ओळीला गळे फाटतात. बोलण्याच्या पट्टीत सुरू करा, चढायला जागा ठेवा.

बाथरूमचं म्हणाल तर मैदानाच्या मॅचला व्यवस्था आहे की नाही ते आधी विचारूनच निघायचं. दुसरा इलाज नाही.

तर्री_पाहिजेच
गळ्याचं लिहून राहिलो, पोहे खाता खाता.

मॅचच्या दोन तास आधीपासून साधं पाणी थोडं थोडं. बर्फाचं नको. मेंथॉलच्या गोळ्या नको, गार वाटते पण घसा कोरडा पडते. खडीसाखर नाहीतर ज्येष्ठमधाचा तुकडा गालात ठेवा, लाळ सुटत राहते. आवाज पोटातून: ओरडण्याआधी पोट फुगलं पाहिजे, खांदे वर गेले तर समजा गळ्यावर ताण आहे. बसलेल्या गळ्यानं कुजबुजू नका, कुजबुजण्यानंही ताण पडते, लोकांना हे माहीतच नाही. सरळ चूप बसा.

अन् तर्री मॅचच्या आधी नाही, नंतर. तिखट तेल घशात बसलं की पहिल्या पाच मिनिटांत खोकला.

संत्री_मार्केट
मॅचनंतर तर्री कुठची?

तर्री_पाहिजेच
हा वेगळा धागा होईल बाप्पा, चारशे प्रतिसादांचा.

गांधीबाग_कापड
बॅनरवर कोणी बोललं नाही अजून. मॅच टीव्हीवर नसली तरी बॅनर पाहिजे, कारण तो ओरडून थकत नाही.

कापड मांजरपाट. ४४ इंच पन्ना मिळतो. वीस फुटी बॅनरला तीन पट्ट्या जोडा, शिवणीत दोन इंच जातात, उंची पावणेअकरा फूट भरते. एक पट्टी कडेच्या दुमडीसकट साडेसहा मीटर, म्हणजे एकूण साडेएकोणीस. वीस मीटर घ्या. पट्ट्या आडव्या जोडा. उभ्या जोडल्या तर शिवणी वाढतात अन् रंग तिथे फुटतो.

अक्षराचा अंदाज: दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंची. समोरची गर्दी शंभर मीटरवर, म्हणजे साधारण ३३० फूट, म्हणजे ३३ इंच. मराठीत इथेच फसतात. ३३ इंचांत वेलांटी अन् उकार धरून चालत नाही, ३३ इंच नुसतं अक्षराचं अंग पाहिजे. वरच्या मात्रेला अन् खालच्या उकाराला प्रत्येकी बारा-पंधरा इंच वेगळे. म्हणून एवढ्या कापडावर एकच ओळ मोकळी बसते, फार तर तीन छोटे शब्द. शिरोरेषा बारीक ठेवा अन् दोन अक्षरांमध्ये किंचित तोडा. जाड सलग रेषा लांबून एक काळा पट्टा दिसते अन् खालची अक्षरं त्याला लोंबल्यासारखी वाटतात. जोडाक्षरं टाळा. "विदर्भ"चा रफार लांबून कोणालाच दिसत नाही, तो मुद्दाम दुप्पट काढा.

रंग: भिंतीचा प्लास्टिक पेंट पाण्यात पातळ करून, दोन हात. जाड लावला तर घडी घालताना तडकते. गुंडाळून न्या, घडी नको. कडेला दर दोन फुटांवर रिंग ठोकून दोरी ओवा. बांबू शक्यतो नकोच, मोठ्या मैदानात गेटवरच काढून घेतात.

छावणीवाला
रफार दुप्पट 👌 हे कोणी सांगत नाही.

जामठा_ब्लॉक
थोडं विषयांतर, चालेल ना? २०२५ ला जामठ्याला रणजीची फायनल झाली, केरळविरुद्ध. आपले विदर्भवाले पहिल्या डावात ३७ रन्सनी पुढे होते, त्यावरच मॅच ड्रॉ होऊन तिसरी ट्रॉफी आली. क्रिकेटमध्ये ओरडणं ओव्हरच्या मधल्या फटीत बसवावं लागतं, बोलर धावत असताना शांतता. फुटबॉलमध्ये फट नाही, बॉल बाहेर गेला की लगेच आत. म्हणून क्रिकेटची लांबलचक गाणी इथे चालत नाहीत. आठ ठोक्यांत संपणारी घोषणा, चार वेळा, मग विश्रांती.

मोतीबाग_एंड
विषयांतर कसलं, हेच पाहिजे होतं. विश्रांतीचंही लिहितो: बॉल आपल्या गोलकीपरजवळ असताना गप्प. तो डिफेंडरना जागा सांगत असतो; छोट्या मैदानावर आपण दोरीपाशी उभे असतो, आपल्या आवाजात त्याचा आवाज बुडतो. आपण हरत असताना मात्र थांबायचं नाही. गोल बसल्यावर लगेचचा अर्धा मिनिट सगळ्यात कठीण, तेव्हा साधी टाळी सुरू ठेवा, शब्द नको.

ओ_काट
प्रतिस्पर्ध्याकडून बॉल हिसकावला की "ओऽऽ काट!" संक्रांतीची पतंग कटली तसं. शिकवावं लागत नाही, सात वर्षांच्या पोरापासून सत्तरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना येते. नागपूरच्या मैदानावर याच्यापेक्षा चांगली घोषणा कोणती?

कळमना_ताई
हे फार आवडलं!

लाइनजवळचा
दोरीपाशी उभे राहणाऱ्यांनो, लाइन्समनला धावायला दोन मीटर मोकळे सोडा. मुलं पाय आत टाकून बसतात, त्यांना मागे घ्या. अन् जात, धर्म, रंग यावरून एक शब्दही नको. फिफाच्या नियमात अशा ओरडण्यावर तीन पायऱ्या आहेत: आधी मॅच थांबवून सूचना, मग काही वेळ खेळाडू आत, तरी थांबलं नाही तर मॅच रद्द. पण नियम नसता तरी नकोच. मैदानात समोर खेळणारं पोरगं आपल्याच बाजूच्या मोहल्ल्यातलं असते.

संत्री_मार्केट
सगळं पटलं, पण माणसंच आली नाहीत तर? लीगच्या दुपारच्या मॅचला वीस-पंचवीस टाळकी असतात.

छावणीवाला
२०१८ च्या जूनमध्ये मुंबईत भारताची मॅच होती, तिकिटं घेऊन आलेले अडीच हजारच्या आसपास. तेव्हाचा कप्तान सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले, "या, ओरडा, वाटलं तर शिव्या द्या, पण मैदानात या" अशा अर्थाचं बोलला. पुढची मॅच फुल्ल. देशाच्या कप्तानाला बोलवावं लागलं तर आपण काहून लाजायचं? शाळेच्या ग्रुपवर, मोहल्ल्याच्या ग्रुपवर वेळ अन् गेट टाका.

वीस जण असले तर पसरू नका. एकमेकांना खांदा लागेल असे दोन रांगांत, मधल्या रेषेजवळ, पाठीमागे भिंत असली तर उत्तम, आवाज पुढेच फेकला जाते. गोलमागे जाऊ नका, तिथे वीस माणसं हरवून जातात.

धुमाल_इतवारी
वीस जणांना एकच ढोल. ताशा नको.

संत्री_मार्केट
ठीक आहे. रविवारी सहा जण माझ्याकडून पक्के. ढोल कोणाचा?

धुमाल_इतवारी
आणतो. पान उन्हात ठेवायला तीनला ये, साडेतीनची मॅच आहे. पॉलिथिनची पिशवी तू आण, मोठी.