लंगडत आलात? बसा, आधी हसून घेऊ : व्यायामातल्या फालतू दुखापतींचा अनुभव धागा

धागाकर्ती, पर्वरी

पाऊस लागला की आपल्याकडे अंगणात शेवाळ वाढतं आणि घरात व्यायाम करणारे वाढतात. मग सकाळी पोदेराकडून पाव घेताना कोणीतरी लंगडत गेटपर्यंत येतं. ‘कितें जालें?’ विचारलं तर उत्तर द्यायला लाजतं, कारण कारण सांगण्यासारखं नसतंच. दोरीवरच्या उड्या मारताना पंखा लागला, डंबेल जागेवर ठेवताना बोट चेमटलं, असलं काहीतरी.

हा धागा अशाच दुखापतींसाठी. ‘मी कसा पडलो’ ही गोष्ट नको, पडण्यात सगळे सारखेच. दुखापत नेमकी कशी होते, पुढचे दोन दिवस काय करायचं आणि हसण्यावारी कुठपर्यंत न्यायचं, एवढं लिहा. रोज या कामात असणाऱ्यांनी लिहिलं तर जास्त बरं.

जिम ट्रेनर, म्हापसा

ट्रेडमिलपासून सुरू करतो, कारण पडणाऱ्याइतकीच बघणाऱ्यांची सोय तिथे असते.

हिशेब साधा आहे. ताशी ८ किमी वेगाला पट्टा सेकंदाला सव्वादोन मीटर मागे पळतो. पट्ट्याची लांबी दीड मीटरच्या आसपास. म्हणजे पाय थांबला की पाऊण सेकंदाच्या आत माणूस मागे फेकला जातो. तोल सावरायला तेवढा वेळ पुरत नाही. पाय थांबायची कारणंही ठरलेली: खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकणं, मागून हाक आली म्हणून मान वळवणं, आणि आधीच्या माणसाने चालू सोडलेल्या पट्ट्यावर न बघता पाय ठेवणं. चढताना दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर, लाल दोरीची क्लिप कपड्याला, मग बटण, या क्रमाने केलं तर निम्मे प्रकार होतच नाहीत. ती क्लिप शोभेची नाही. ओढली गेली की मशीन थांबतं.

मशीनच्या मागे दोन मीटर जागा मोकळी हवी. जुन्या दुकानाच्या गाळ्यात जिम थाटली की मागे लगेच भिंत येते. मग माणूस पडून मोकळा होत नाही, भिंत आणि पट्टा यांच्यात अडकतो आणि चालू पट्टा गुडघा खरवडत राहतो. कोणी पडलं तर आधी मशीन बंद करा. हाताला धरून उपटू नका, खांदा जाईल. हसायचंच असेल तर तो हसल्यावर.

खरचटलेल्या जागेवर पाच-दहा मिनिटं नळाचं पाणी, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि न चिकटणारी पट्टी. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट यातलं काही भरू नका. दुसऱ्या दिवशी ते सगळं खरडून काढावं लागतं.

फिजिओथेरपिस्ट, मडगाव

घोट्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात.

पाय आतल्या बाजूला वळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, त्यातही पुढचा पहिला. सूज अंड्याएवढी येते, रंग वांग्यासारखा होतो, आणि तरीही ती बहुतेक वेळा लचकच असते. रंगावरून घाबरू नका. मोडलंय का ते बघायला १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावात काही सोपे नियम तयार झाले. दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडाची मागची कड खालच्या टोकापासून ६ सेंमीपर्यंत दाबून बघा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर बाहेर आलेलं हाड दाबा. आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड दाबा. मग चार पावलं टाका, लंगडत टाकलीत तरी चालेल. हाडावरच दुखत असेल किंवा चार पावलं पडत नसतील तर एक्स-रे. यातलं काहीच नसेल तर मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. लहान मुलं आणि मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेली माणसं यांना हे नियम लावू नका, त्यांना सरळ दाखवून आणा.

बर्फाबद्दल मतभेद आहेत. बर्फाने दुखणं कमी होतं हे नक्की, पण त्याने लवकर बरं होतं असं म्हणायला भक्कम आधार नाही. लावायचाच तर कापडात गुंडाळून १५ मिनिटं. फ्रीजरमधली बांगड्यांची पिशवीही चालते, फक्त नंतर ती कढीत घालू नका. क्रेप बँडेज १० सेंमी रुंदीचं घ्या. बोटांच्या मुळापासून सुरुवात, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. झोपताना काढून ठेवा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, सोसेल तितकं, चाला. खाटेवर पडून राहिलेला घोटा लाकडासारखा होतो.

धागाकर्ती, पर्वरी

आणि फेणीने चोळणं? आमच्या वाड्यावर प्रत्येक घरात एक बाटली त्यासाठीच ठेवलेली असते. म्हणजे, तसं सांगतात.

फिजिओथेरपिस्ट, मडगाव

पहिले दोन-तीन दिवस फेणी बाहेरूनही नको आणि आतूनही नको! बाहेरून लावली की उडून जाताना गार वाटतं, एवढाच तिचा गुण. खरा त्रास चोळण्याचा. आत फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत असतात, त्यांना रगडलं की पुन्हा रक्त सुटतं. शेक, गरम तेल, हाडवैद्याची ओढाताण यांचंही तेच. पोटात घेतली तर दुखायचं कळत नाही आणि त्याच पायावर माणूस नाचतो.

धावणाऱ्यांचा गट चालवणारी, पणजी

मिरामारच्या वाळूत अनवाणी धावायला सुख असतं, पोटऱ्या दुसऱ्या दिवशी बोलतात. मऊ वाळूत टाच खोल जाते, त्यामुळे पोटरी आणि टाचेची शीर नेहमीपेक्षा जास्त ताणली जाते. सवय नसेल तर अनवाणी पहिल्या दिवशी १० मिनिटं पुरे, बाकी बुटात. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली, टणक पट्टी गाठा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून सोमवारी सहाला सापडलेली पट्टी शुक्रवारी सहाला पाण्याखाली असू शकते.

किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावलं की समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू नाहीतर कंबर कुरकुरते. जितकं गेलात तितकंच त्याच पट्टीवरून परत या, हिशेब फिटतो.

हसण्याजोग्या दोन गोष्टी वेगळ्याच. कोरड्या वाळूत कुर्ल्यांची बिळं असतात, टाच त्यात गेली की माणूस नमस्कार घातल्यासारखा पडतो. दुसरी म्हणजे रापण, किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं. कोलव्यापासून खाली बऱ्याच किनाऱ्यांवर सकाळी रापणीचे दोर पाण्यातून वर ओढत आणतात. अर्धवट उजेडात नडगीच्या उंचीवर ताणलेला दोर दिसत नाही. माणसं ओळीने ओढताना दिसली की त्यांच्या मागून, वरच्या बाजूने वळसा घाला. धावत उडी मारायला जाऊ नका, तेवढ्यात दोर उचलला जातो.

आल्तिनोचा उतार धावणाऱ्यांची अंगठ्याची नखं काळी पडतात. उतारावर पाऊल बुटात पुढे घसरून प्रत्येक पावलाला नख आपटतं. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. लेस बांधताना वरच्या शेवटच्या दोन भोकांमधून त्याच बाजूला छोटा फास करून विरुद्ध लेस त्यातून ओढून घ्या, टाच जागेवर राहते. काळं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर सरकतं, पूर्ण जायला वर्ष-दीड वर्ष. तोवर नेलपॉलिश आहे, आणि ते पुरुषांनाही चालतं.

वेटलिफ्टिंग शिकवणारा, वास्को

आमच्याकडच्या दुखापती लोखंडाच्या. पहिली नडगीची साल, जमिनीवरून वजन उचलताना निघते ती. मोठी प्लेट ४५ सेंमी व्यासाची, म्हणून दांडा जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर येतो. छोट्या प्लेट लावल्या की तो आणखी खाली जातो, वाकावं जास्त लागतं, गुडघे पुढे येतात आणि दांड्याची खरबरीत नक्षी नडगी किसत वर येते. प्लेटखाली फळ्या ठेवून उंची सारखी करा. दांडा पावलाच्या मध्यावर, गुडघ्यापर्यंतचे मोजे घाला.

दुसरी हनुवटीची. वजन डोक्यावर ढकलताना दांडा सरळ वर जायला हवा आणि वाटेत हनुवटी असते. हनुवटी मागे घ्यायची, दांडा कपाळाच्या वर गेला की डोकं पुन्हा पुढे. विसरलात तर दात आठवण करून देतात. रिकाम्या दांड्यावर शिका, पण तोही २० किलोचा असतो हे लक्षात ठेवा.

तिसरीत सगळी जिम दचकते. रॅकवरच्या दांड्याची एका बाजूची सगळी वजनं काढली की दुसरी बाजू उलटते आणि रिकामं टोक वर उसळतं. एक प्लेट इकडची, एक तिकडची, असंच उतरवायचं. घाई असली तरी.

बोट चेमटून नखाखाली रक्त साचलं आणि ठणका लागला तर डॉक्टर छोटं छिद्र पाडून ते काढतात, पहिल्या दिवसा-दोन दिवसांत गेलं तर उपयोग होतो. घरी तापवलेली सुई नको. खाऱ्या हवेत आपल्याकडे लोखंडाला महिन्याभरात गंज चढतो. पण धनुर्वाताची चिंता फक्त गंजाची नाही, मातीची आणि खोल जखमेचीही आहे. जखम घाणेरडी असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या.

घट्टे फाटतात ते ते उंच वाढू दिल्यामुळे. आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर वजरीने घासून सपाट करा.

घरी व्यायाम शिकवणारे, फोंडा

दोरीची कमान डोक्यावरून फूटभर जाते, शिवाय उडी. फ्लॅटमध्ये पंख्याखाली दोरी म्हणजे पंखा आणि दोरी दोन्ही गेले. पंखा बंद करून हात वर, एक उडी, बोट पातीच्या जवळपास गेलं तर जागा बदला. दोरीची लांबी मध्यावर पाय ठेवून मुठी काखेपर्यंत आल्या की बरोबर. त्याहून लांब असली की ती पोटरीवर वळ उठवते.

बाल्कांवातल्या, म्हणजे घराच्या दारापुढच्या ओट्यावरच्या, सोप्यावर (बसायच्या बाकावर) उडी मारणाऱ्यांसाठी: त्याची गुळगुळीत लाल सिमेंटची कड पावसात ओली असते. नडगीवर मांस नाही, कातडी हाडालाच चिकटलेली, म्हणून तिथली जखम हसण्यासारखी दिसली तरी भरायला वेळ घेते. ३० सेंमीपासून सुरुवात करा, वर उडी, खाली मात्र एकेक पाय टाकत. पाय चुकतो तो शेवटच्या दोन-तीन उड्यांना, दमल्यावर. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, तोवर तिथे काहीच नको.

रबरी बँड उन्हाने आणि घामाने आतून कुजतो. उजेडासमोर ताणून पांढऱ्या भेगा बघा. एखादी दिसली तरी फेकून द्या. दाराला अडकवताना ओढल्यावर दार बंद होईल त्या बाजूला उभे राहा. मांडीवर फटका बसला तर हसा. डोळ्यावर बसला तर हसू नका, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

योगशिक्षिका, डिचोली

कंबरेत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधून त्याची लाथ खायची, हे आमच्या भागात अजून चालतं. लाथेचं श्रेय उसणीलाच द्यायला हवं, कारण ती बहुतेक वेळा हिंडत-फिरत राहिलं तर काही दिवसांत आपणच सुटते. लाथ हळू मारायला सांगा. पाय बधिर झाले, जांघेत संवेदना गेली किंवा लघवी अडली तर पायाळू नको, इस्पितळ.

गणेशचवथीच्या आठवडाभर आधी पोट आत घ्यायची घाई करणाऱ्यांचं अंग असं आंबतं की हसलं तरी दुखतं, शिंकलं तर विचारूच नका. हे दुखणं व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं, मग ओसरतं. तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला की निम्मंही दुखत नाही. फक्त स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी काळ्या चहासारखी आली तर तो थट्टेचा विषय राहत नाही. तेव्हा मूत्रपिंडं धोक्यात असतात, थेट इस्पितळात जा.

जिम ट्रेनर, म्हापसा

डोक्याचंही त्यात घाला. दांडा किंवा पंखा डोक्याला लागून नंतर उलटी, वाढती डोकेदुखी, बरळणं किंवा गुंगी आली तर १०८.

धागाकर्ती, पर्वरी

सगळ्यांना देव बरें करूं. एकच विचारते, मुरगळलेल्या पायाने परत धावायला कधी लागायचं?

फिजिओथेरपिस्ट, मडगाव

दिवस मोजू नका, पाय तपासा. दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहून टाच वर-खाली २० वेळा, न दुखता. मग त्याच पायावर १० लंगडी उड्या. मग ३० सेकंद डोळे मिटून एका पायावर. हे शेवटचं भिंतीजवळ करा, कारण नव्याने मुरगळायचे निम्मे पाय याच चाचणीत मुरगळतील. तिन्ही जमलं तर पहिल्या दिवशी १ मिनिट धावणं, १ मिनिट चालणं, असं १० वेळा. सपाट रस्त्यावर. आल्तिनो नंतर.